टीप हातात घ्यायची नाही

सोमवारी सकाळी अकराला, जेवणाची गर्दी सुरू व्हायच्या आधी, बजरंगशेठने हॉटेलातल्या सगळ्या माणसांना हॉलमध्ये बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातावर जिलबी ठेवली.

“या महिन्यापासून आपल्याकडं सरकारी दरानं पगार,” तो म्हणाला. “कायदा म्हणजे कायदा. मला कुणाचं पाप नको.”

चौदा माणसं होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. पंकजानेही वाजवल्या.

पुणे-नगर रस्त्यावर सुप्याच्या थोडं पुढं ‘हॉटेल अंबराई’ होतं. दुपारी एमआयडीसीतल्या कंपन्यांचे साहेब जेवायला यायचे, शनिवार-रविवारी शिंगणापूरला निघालेली पुण्याची कुटुंबं थांबायची. बायकापोरं येतात म्हणून शेठने दोन बायका वेटर म्हणून ठेवल्या होत्या, त्यातली एक पंकजा. पाथर्डीकडची, सत्तावीस वर्षांची. नवरा तीन वर्षांपूर्वी दुसरीबरोबर निघून गेला होता. आई लंकाबाई दर दिवाळीला ऊसतोडीला जायची, आणि पंकजाचं सगळं लहानपण उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्यांत गेलं होतं. आपली सात वर्षांची सृष्टी तरी बारा महिने शाळेत बसावी, एवढ्यासाठी तिने ही नोकरी धरली होती. पोरगी गावात आजीजवळ होती. आई फडावर गेली की तिला तालुक्याच्या वसतिगृहात ठेवायचं ठरलं होतं.

आजवर पगार म्हणजे सात हजार रोख, दोन वेळचं जेवण आणि गोदामावरची खोली. बाकीचं टीपमधून निघायचं. “तुमचा खरा पगार गिऱ्हाईकच देतंय,” असं शेठ हसत सांगायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. चांगल्या महिन्यात टीपचेच पाच-सहा हजार सुटायचे. पण दोन महिन्यांमागे याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका हॉटेलात कामगार खात्याची माणसं येऊन रजिस्टरं उचलून घेऊन गेली होती. तेव्हापासून शेठ पगाराबद्दल थट्टा करत नव्हता.

जिलबी खाऊन झाल्यावर त्याने दोन नियम सांगितले.

“पगार बँकेत जमा होईल, तेरा हजारांच्या वर. पण तुमच्या खोल्यांना धड कड्या नाहीत, म्हणून एटीएम कार्डं माझ्याकडं गल्ल्याच्या ड्रॉवरात राहतील. पाकिटावर नंबर लिहून द्यायचा. आणि आता सरकारी पगार मिळतोय म्हटल्यावर टीप हातात घ्यायची नाही. टेबलांवर स्टिकर लावलेत. गिऱ्हाईक मोबाईलवरून देईल, ते हॉटेलच्या खात्यात येईल, महिन्याला सगळ्यांत वाटू. जो हातात घेईल तो बाकीच्या तेरा जणांची चोरी करील.”

हे सांगतानाही त्याचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. मग मॅनेजरने सह्या घेतल्या. पंकजाने छापील कागदावर सही केली, आणि खालचा दुसरा कागद पुढं सरकवला तेव्हा त्यावरही केली. सगळे करत होते.

कार्ड फक्त एकाने दिलं नाही. बिभीषण काष्टीचे, पन्नाशी उलटलेले, अकरा वर्षं याच हॉटेलात. सगळे त्यांना मामा म्हणायचे. भरला ट्रे कसा तोलायचा, रागावलेल्या गिऱ्हाइकासमोर कसं गप्प उभं राहायचं, हे पंकजाला त्यांनीच शिकवलं होतं.

“कार्ड घरी ऱ्हायलं, शेठ,” ते म्हणाले.

“असू द्या मामा. घाई नाही.”

पुढच्या सोमवारीही कार्ड घरीच राहिलं होतं. त्याच्या पुढच्याही. शेठ दर वेळी तेवढ्याच गोडीने “असू द्या” म्हणायचा, आणि दर वेळी हॉलमधली माणसं एकमेकांकडं बघायचं थांबवायची.

पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी शेठचा ड्रायव्हर रबर लावलेलं कार्डांचं बंडल घेऊन सुप्याला गेला. दुपारी प्रत्येकाच्या हातात सात हजार पडले, पूर्वीइतकेच. उरलेले खोलीचे, जेवणाचे, युनिफॉर्मचे म्हणून कापले होते. स्टिकरचे पैसे वाटायचा विषयच निघाला नाही. मामांचे तेरा हजार तेवढे मामांच्या खात्यात राहिले.

त्याच आठवड्यात एक इलेक्ट्रिशियन आला आणि सहा ते नऊ नंबरच्या टेबलांवर नवा कॅमेरा बसवून गेला. ती टेबलं मामांची होती. मामांनी एकदा मान वर करून कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि पाण्याचे ग्लास पुसायला लागले.

नंतर शेठने पंकजाला गल्ल्यापाशी बोलावलं. दुपारचे चार वाजले असतील, हॉल रिकामा होता.

“बस बाळा. पोरगी दुसरीत ना?”

“व्हय.”

“गुणी आहे. मी परवा मोहटादेवीला गेलो होतो, वाटेत तुमच्या गावात गाडी थांबवली. मधली सुट्टी होती. लाल रिबिनी बांधल्या होत्या तिनं. मी म्हटलं, तुझ्या आईचा शेठ आहे, तर बिस्किटं घेतली. लगेच घेतली. माणसाला भीत नाही.”

पंकजाने गावाचं नाव सांगितलेलं होतं. शाळेचं आणि पोरीचं नाव या हॉटेलात मामांखेरीज कुणाला सांगितल्याचं तिला आठवेना. आधार कार्डाची प्रत दिली होती, त्यावर पत्ता होता. पण पत्त्यात लाल रिबिनी नव्हत्या.

“शेठ, तुमी कशाला तरास घेतला,” ती म्हणाली.

“त्रास कसला. आपली माणसं म्हणजे घरचीच. त्यांचं कुठं काय चाललंय, हे माहीत असावं.”

त्या रविवारी सात नंबरला पुण्याचं एक म्हातारं जोडपं आणि त्यांचा मुलगा बसला होता. आजोबांचा हात लटलटत होता, घास तोंडापर्यंत जाईना. मुलगा फोनवर बोलत बाहेर गेला तसे मामा खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांनी भाकरी दुधात कुस्करली आणि चमच्याने हळूहळू भरवली. मधे एकदा आजोबांना ठसका लागला, तेव्हा पाठीवरून हात फिरवत राहिले. पंकजा शेजारच्या टेबलावरची ताटं उचलत होती. आजींनी उठताना पर्समधून पाचशेची नोट काढली.

“न्हाई आजी. इथं हातात घेता येत न्हाई. तिथं स्टिकर हाय.”

“मला ते मोबाईलचं कळत नाही. आणि मी हॉटेलला देत नाहीये, तुम्हाला देतेय.”

मामांनी हात मागे घेतला. आजींनी नोट त्यांच्या खिशात कोंबली आणि खिशावर थोपटल्यासारखं केलं. मामांचाही हात खिशाकडं गेला. नोट काढून परत द्यावी की काय, असं त्यांच्या मनात होतं. पण आजी रडत होत्या, म्हणून तो हात तिथंच थांबला.

वरचा कॅमेरा हे पाहत होता, आणि पंकजाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ल्यावर एक टाइप केलेला कागद होता. ‘बिभीषण हे ग्राहकांकडून वारंवार पैसे घेऊन स्वतःच्या खिशात घालताना मी स्वतः पाहिले आहे.’ खाली साक्षीदार म्हणून दोन रेघा. एका रेघेवर मालनबाईची सही आधीच होती. मालनबाई मागं चुलीवर भाकरी करायची. तिला फक्त सही करता यायची, वाचता येत नव्हतं.

“पाहिलंस ना तू?” शेठने विचारलं.

“आजीनं सोता घातली, शेठ. मामा नको म्हनत हुते.”

“खिशात गेली की नाही?”

“गेली.”

“तेवढंच लिहिलंय. कमी नाही, जास्त नाही.” त्याने पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढं धरलं. “सृष्टी वसतिगृहात कधी जायचीय? दिवाळीनंतर? तिथले वॉर्डन माझ्या ओळखीचे आहेत.”

तिने सही केली.

मामांना दोन गोष्टी सांगण्यात आल्या. राजीनामा द्यायचा, नाहीतर शेठ कॅमेऱ्याचं चित्रण घेऊन पोलिसांत जाईल. मामांनी कागद वाचला. खालच्या सह्या वाचताना त्यांना जरा जास्त वेळ लागला. मग त्यांनी राजीनामा लिहून दिला, युनिफॉर्मची नीट घडी करून गल्ल्यावर ठेवली आणि मागच्या दाराने निघाले. पंकजा हात धुवायच्या बेसिनपाशी उभी होती.

“आठ नंबरच्या टेबलाचा पाय हालतोय,” ते जाता जाता म्हणाले. “खाली पुठ्ठा सारत जा. आमटी सांडती.”

तिला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारपासून सहा ते नऊ टेबलं पंकजाला मिळाली. आता कॅमेरा तिच्या डोक्यावर होता. गिऱ्हाईक पाकिटाला हात घालू लागलं की ती दोन पावलं मागं सरायची आणि हात पाठीमागं घ्यायची. एका लहान पोराने तिला दहा रुपयांचं नाणं द्यायला हात पुढं केला, तर ती दचकून इतकी मागं झाली की त्याची आई रागावली.

चार दिवसांनी मालनबाईने तिला चुलीपाशी हाक मारली. पीठ मळता मळताच ती खालच्या आवाजात बोलली.

“माझी सही किती कागदांवर हाय, ठावं हाय का तुला? पाच. पाचजण गेले, पाची असेच गेले. तुझ्या खोलीत आदी पूजा ऱ्हायची, नेवाश्याची. तिनं निस्तं विचारलं, ऱ्हायलेला पगार कवा देनार. पंधरा दिसांत चोर ठरली. गावात सांगायला तोंड ऱ्हायलं न्हाई, तर गपगार बसली पोरगी.”

“मग तुमी सही का करता?”

“तू का केलीस?”

चुलीतला जाळ पुढं ओढून मालनबाईने भाकरी तव्यावर टाकली.

“आनि ऐक. जिलबीच्या दिशी तुजी दुसरी सही कशावर घेतली? कोरा कागद हुता. माजा बी हाय, समद्यांचा हाय. त्यावर काय लिवायचं ते नंतर ठरतं. तुज्यावर येळ आली की साक्षीला दुसरं कुनी असंल, पर कागद तुज्याच सहीचा असंल. म्या चोरी केली, म्हनून.”

पंकजा त्या दिवशी जेवली नाही. खोलीवर जाऊन तिने दाराची कडी लावली. कडी चांगली पक्की होती. तिने दोनदा ओढून पाहिली. शेठने कड्यांचं सांगितलं होतं ते खोटं होतं, आणि महिनाभर त्याच कडीला हात लावूनही ते आपल्या लक्षात आलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

शनिवारी तिची सुट्टी होती. काष्टीच्या बाजारात जाऊन येते, असं तिने मॅनेजरला सांगितलं. बाजारात गुरांच्या ट्रकांची दाटी होती. विचारत विचारत ती मामांच्या घरी पोचली. त्यांची बायको सुरेखा ओट्यावर शेंगा निवडत होती. पंकजाने नाव सांगितल्यावर तिने मान वर केली नाही.

“सहीवाली व्हय,” एवढंच म्हणाली. पण पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

मामा आतून आले. पंकजाने सगळं सांगितलं. कोरा कागद, पूजा, शाळेपुढं थांबलेली गाडी. गाडीचं ऐकल्यावर सुरेखाच्या हातातल्या शेंगा थांबल्या.

“म्या नगरला कामगार अधिकाऱ्याकडं अर्ज दिलाय,” मामा म्हणाले. “बाई अधिकारी हायेत. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. पगार सरकारी दराचा, तो पुराच्या पुरा द्यायचा. देऊन परत काढून घ्यायचा न्हाई. अन गिऱ्हाईक खुशीनं हातावर ठिवतं, ते पगारात धरता येत न्हाई. शेठनं दोन्ही बाजूंनी खाल्लंय. पर बाई म्हनल्या, तुमी एकटेच सांगताय, अन तुमच्यावर चोरीचा कागद हाय. आतलं कुनी बोलाय पायजे. बुधवारी तारीख हाय.”

“शेठ मला घेऊन जानार हाय बुधवारी. साक्षीला.”

“ठाऊक हाय. म्या तुला बोल म्हननार न्हाई. तुला पोर हाय.”

परत जाताना बसस्टॉपवरून तिने आईला फोन लावला. लंकाबाईला सगळं सांगायला लागलं नाही. शेठची पांढरी गाडी तिनेही शाळेपाशी पाहिली होती. एकदा नाही, तीनदा.

“कारखाना सुरू व्हायला अजून टाईम हाय,” लंकाबाई म्हणाली. “सोमवारपासून म्या शाळेच्या पायरीवर बसते. घंटा झाल्यापासून सुटंस्तवर. कोयता संगं असतोयच माज्या. तू तुजं बग.”

बुधवारी सकाळी शेठने पंकजाला गाडीत मागं बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसला. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तशी चारी दारं एकदम लॉक झाली. सुप्यापासून नगरपर्यंत रस्ता मोकळा होता. शेठ बऱ्याच वेळाने बोलला.

“दोनच वाक्यं बोलायची. ‘कार्ड माझ्याजवळ आहे.’ ‘मामांना पैसे घेताना पाहिलं.’ बाई काही विचारतील, तर माहीत नाही म्हणायचं.”

“बरं.”

“घाबरलीस?”

“न्हाई.”

“घाबरलेलं बरं असतं, बाळा. माणूस जपून राहतं.” त्याने खिशातून वेलदोडा काढून तिला दिला. तिने तो मुठीत धरून ठेवला.

कामगार अधिकाऱ्यांची खोली लहान होती. टेबलाच्या एका बाजूला मामा बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. शेठबरोबर त्याचा वकील होता. बाईंनी पंकजाचं नाव, गाव, काम लिहून घेतलं आणि विचारलं, “पगाराचं एटीएम कार्ड कुठं आहे तुमचं?”

पंकजाने शेठकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं, असं तिने नंतर आईला सांगितलं.

“शेठच्या ड्रॉवरात. समद्यांचीच हायेत. हातात सात हजार मिळत्यात. त्या आजीनं मामांच्या खिशात नोट सोता घातली, मामा नको म्हनत हुते. म्या खोटी सही केली. अन माझी एक सही कोऱ्या कागदावर घेतलीय. ते आजच लिवून घ्या. उद्या त्या कागदावर कायबी निघंल.”

वकील काहीतरी बोलायला लागला. शेठने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. तो पंकजाकडं बघत होता. पोरगी हुशार निघाली म्हणून बापाने बघावं तसा बघत होता, आणि तीच नजर तिला सहन होईना.

बाईंनी जबाब पुरा लिहून घेतला, वाचून दाखवला, मग सही घेतली. “परत जायची काय सोय?” त्यांनी विचारलं.

“माझ्या गाडीतून आलीय, माझ्याच गाडीतून जाईल,” शेठ म्हणाला.

“म्या मामांसंगं जाते.”

“जशी तुझी मर्जी.” तो उठला, बाईंना नमस्कार केला, मामांना केला, आणि पंकजालाही केला.

दोघं एसटी स्टँडपर्यंत चालत गेली. मामांनी वाटेत दोनदा मागं वळून पाहिलं.

शुक्रवारी कामगार खात्याची माणसं अंबराईत आली. ड्रॉवरात तेरा कार्डं सापडली. पाकिटांवर नावं आणि नंबर तसेच होते. इतके दिवस मुकी राहिलेली मालनबाई त्या दिवशी पदराला हात पुसत बाहेर आली आणि अधिकाऱ्यांनी पाकिटावरचं नाव वाचलं की ते कार्ड कुणाचं, हे माणूस दाखवून सांगत गेली. कार्डं ज्याची त्याला मिळाली. स्टिकर खरवडून काढले. दोन महिन्यांनी मामांना, पंकजाला आणि आणखी चौघांना कमी दिलेल्या आणि कापलेल्या पगाराची रक्कम द्यायचा हुकूम झाला. शेठने वर अपील केलं. पैसे अजून कुणाच्या हातात आलेले नाहीत.

कोरा कागदही निघाला. जबाबाच्या तिसऱ्या दिवशी पंकजावर पोलिसांत अर्ज गेला, त्याच्याबरोबर तिच्या सहीचा कबुलीनामा होता. गल्ल्यातून चाळीस हजार घेतले म्हणून. तारीख जिलबीच्या दिवसाच्या नंतरची टाकली होती. कामगार अधिकाऱ्यांसमोरच्या जबाबात कोऱ्या कागदाचं आधीच लिहिलेलं होतं म्हणून पोलिसांनी तिला अटक केली नाही, पण चौकशी मिटलेली नाही. महिन्यातून एकदा तिला बोलावणं येतं. ती जाते, बाकावर बसते, तेच सांगते.

आता ती नगरमध्ये एका कॉलेजच्या कँटीनमध्ये काम करते. सृष्टीला तिने शाळेतून काढून आपल्याजवळ आणलं. एक खोली घेतली, ती कुठं आहे हे फक्त आईला आणि मामांना माहीत आहे. दिवाळीनंतर लंकाबाई फडावर गेली.

परवा दुपारी मालनबाईचा फोन आला. शेठने नेवाशाच्या रस्त्याला दुसरं हॉटेल घेतलंय, वेगळ्या नावाने, म्हणाली. तिथं माणसं पाहिजेत.

“तुजी आटवन काढत हुते. म्हनले, पंकजाला सांगा, माज्या मनात काई न्हाई. लई चांगली पोरगी हाय म्हनले.”

“कवा म्हनले?”

“रोज म्हनत्यात. आज दोनदा म्हनले.” मालनबाईच्या पाठीमागं चुलीचा आवाज येत होता. “तू कुठं ऱ्हातीस ते इचारत हुते. म्या न्हाई सांगितलं. मला ठावंच न्हाई. पर पंकजे, त्यांना इचारायला म्या एकटीच न्हाई.”

पंकजाने फोन ठेवला. कॉलेज सुटायला अजून तासभर होता, पण सृष्टीची शाळा पाच मिनिटांत सुटणार होती. तिने ॲप्रन सोडून खुंटीला अडकवला, कँटीनवाल्याला “आलेच” म्हणाली आणि आधी चालत, मग पळत शाळेकडं निघाली.